‘कोना पोऱ्या शे तू?’ या प्रश्नापलीकडे

गेल्या महिन्यात आमच्या तालुक्याच्या गावी एका महाविद्यालयात निरोप समारंभ झाला. पाहुणे म्हणून आलेल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी मुलांना सांगितलं, ‘‘मुलाखतीचा सराव करत बसू नका. सराव म्हणजे सोंग. जसे आहात तसे समोर जा.’’ टाळ्या पडल्या. त्याच महाविद्यालयाच्या फाटकासमोर विजेच्या खांबावर एका क्लासचा फलक लटकतो आहे: दहा दिवसांत मुलाखतीची शंभर टक्के तयारी, छापील प्रश्नोत्तरांची वही मोफत. तेव्हापासून वाचनालयाच्या ओट्यावर, एसटी स्टँडच्या टपरीवर आणि मोबाइलवरच्या गटांत हाच वाद चालू आहे. एक बाजू म्हणते, सराव हा खोटेपणा. दुसरी म्हणते, खोटेपणा तर खोटेपणा, पाठ केल्याशिवाय नोकरी लागत नाही. दोन्ही बाजू तावातावाने भांडतात आणि दोघांनीही एक गोष्ट न तपासता धरून चाललेली आहे, ती म्हणजे सराव आणि पाठांतर एकच. वादाचा पायाच तिथे चुकला आहे.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. खानदेशातल्या मुलामुलींनी मुलाखतीचा सराव केलाच पाहिजे. मोठ्याने, अनोळखी माणसासमोर आणि आधी आपल्या बोलीत. तो त्यांना फुकट मिळाला पाहिजे. ‘जसे आहात तसे जा’ हा उपदेश ऐकायला फार सुंदर वाटतो, पण ज्याला बोलायची संधीच कधी मिळाली नाही त्याला तो उपदेश करणं म्हणजे पोहता न येणाऱ्याला तापीत उतरवून काठावरून धीर देणं आहे.

हे मी ऐकीव गोष्टींवरून लिहीत नाही. जळगावच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात देखभाल विभागात मी अठरा वर्षं काढली. त्यातली बरीच वर्षं मुलाखतीच्या टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीवर बसलो. तिथे पाहिलेला एक मुलगा माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. पारोळ्याकडचा, आयटीआयचा इलेक्ट्रिशियन. इस्त्री केलेला शर्ट, गुडघ्यावर प्लास्टिकची फाइल. आमच्या साहेबांनी इंग्रजीत विचारलं, स्वतःबद्दल सांग. त्याने सुरुवात केली, ‘‘आय ॲम हार्डवर्किंग, ऑनेस्ट अँड...’’ आणि तिसरा शब्द त्याला आठवेना. फाइलचा कोपरा तो अंगठ्याने दाबत राहिला. कोपरा दुमडला, पण शब्द आला नाही. साहेबांनी ‘संभाषण’ या रकान्यात काहीतरी लिहिलं आणि कागद उलटला.

मी मध्येच विचारलं, घरी विहिरीवर मोटर आहे का? ती चालू होत नसेल तर काय करतोस? अहिराणीमा सांग. त्याने आधी माझ्याकडे पाहिलं, मग साहेबांकडे, आणि बोलायला लागला. पहिले तिन्ही फेज देखस (बघतो), तो म्हणाला. टेस्ट लॅम्प लावून बघतो, एका फेजला दिवा मंद लागला तर डीपीवरचा फ्यूज गेलेला असतो. तिन्ही फेज आहेत आणि तरी स्टार्टर धरत नाही, तर नो-व्होल्ट कॉइल बघायची. धरतो पण थोड्या वेळाने ट्रिप होतो, तर मोटरवर लोड येतोय. आधी लाईट बंद करून शाफ्ट हाताने फिरवून बघायचा, पंप जाम आहे का. वडील म्हणतात ट्रिप करणाऱ्या रिलेचं सेटिंग वाढव आणि चालू दे, पाणी भरणं होऊ दे. मी ऐकत नाही, कारण मागे एकदा तसं केलं आणि मोटर जळाली. कापसाचे आलेले पैसे रिवाइंडिंगला गेले. चार मिनिटं तो थांबला नाही. आमच्याकडे कामाला असलेल्या दोघा-तिघांना जे उमगत नव्हतं, म्हणजे संरक्षण म्हणून लावलेली गोष्ट घाईपायी बाजूला सारायची नसते, ते या मुलाला शेतात उमगलेलं होतं.

त्याला घेतलं नाही. रकान्यात गुण पडून गेले होते. मी त्या टेबलावर सगळ्यांत कनिष्ठ होतो, आणि जितका जोर लावायला हवा होता तितका लावला नाही.

आता सांगा, या मुलाच्या बाबतीत ‘जसा आहेस तसा जा’ या वाक्याचा अर्थ काय? तो जसा होता तसा पहिल्या मिनिटात दिसलाच नाही. दिसला तो पाचव्या मिनिटाला, कुणीतरी योग्य प्रश्न योग्य भाषेत विचारला तेव्हा. आणि प्रत्येक टेबलावर असा प्रश्न विचारणारा माणूस बसलेला असेलच याची हमी कोण देणार? ती नसेल, तर पाचव्या मिनिटाची गोष्ट पहिल्या मिनिटाला काढायची सवय त्या मुलालाच लावून घ्यावी लागेल. मी ज्याला सराव म्हणतो तो एवढाच.

ही सवय आपल्याकडे का नसते, याचा विचार फार कमी झालाय. आपल्या गावात अनोळखी मोठा माणूस लहान मुलाला पहिला प्रश्न काय विचारतो? ‘‘कोना पोऱ्या शे तू?’’, म्हणजे तू कोणाचा मुलगा? मुलगा वडिलांचं नाव सांगतो, आडनाव सांगतो, मळा कुठल्या शिवारात ते सांगतो, आणि ओळख पुरी होते. त्या प्रश्नात आपुलकी आहे. मला तो आजही आवडतो. पण त्यात ‘तू’ कुठेच नाही. तुला काय आवडतं, तू काय केलंस, अमुक का केलंस, हे बाविसाव्या वर्षापर्यंत कुणीही न विचारलेला मुलगा एके दिवशी वातानुकूलित खोलीत जातो आणि समोरचा म्हणतो, स्वतःबद्दल सांग. तो वडिलांचं नाव, गाव, एकूण भावंडं सांगतो आणि थांबतो. त्याने त्याच्या जगातल्या प्रश्नाचं अचूक उत्तर दिलेलं असतं. विचारणाऱ्याच्या जगातला प्रश्न वेगळा असतो. आईवडील दोघंही कचेरीत जाणाऱ्या घरातल्या मुलाला हा दुसरा प्रश्न जेवणाच्या टेबलावर हजार वेळा विचारला गेलेला असतो. शाळा कशी झाली, प्रोजेक्टमध्ये तू काय केलंस, तुला का वाटलं तसं. त्या मुलाचा सराव झालेला असतो, पंधरा वर्षं झालेला असतो, फक्त त्याला कुणी सराव म्हणत नाही. मग खेड्यातल्या मुलाने तोच सराव पंधरा दिवस केला तर ते सोंग कसं ठरतं?

मुलींच्या बाबतीत तर याहून कठीण. त्यांचा सराव होतो, पण उलट्या दिशेने. मुलगी बघायचा कार्यक्रम ठरला की आदल्या दिवशी आई, काकू, मामी शिकवतात: मान खाली ठेव, विचारलं तेवढंच सांग, जास्त बोलू नको. तीच मुलगी सहा महिन्यांनी प्रयोगशाळेतल्या नोकरीच्या मुलाखतीला जाते. चोपड्याकडची अशी एक मुलगी रसायनशास्त्रात पहिल्या वर्गात पास झालेली होती. तिने आमच्या सगळ्या प्रश्नांची उत्तरं बरोबर दिली आणि प्रत्येक उत्तर एका शब्दाचं दिलं. टायट्रेशनमध्ये चूक कुठे होते असं विचारलं, ती म्हणाली, ‘‘रीडिंगमध्ये.’’ पुढे काही नाही. तिला माहीत होतं. ते बाहेर काढणं म्हणजे आगाऊपणा, असं तिच्या अंगात भिनवलेलं होतं. भिनलेली गोष्ट भाषणाने निघत नाही. ती निघते वारंवार बोलून.

आता विरोधातले मुद्दे. ते हलके नाहीत.

पहिला मुद्दा खोटेपणाचा. पाठ केलेली उत्तरं मी शेकड्यांनी ऐकली आहेत. ‘तुमचा कमकुवतपणा कोणता’ असं विचारलं की पाचपैकी चौघं सांगायचे, मी कामात फार बारकाईने लक्ष घालतो. एकाच वहीतलं वाक्य. त्या वहीने त्या मुलांचं नुकसानच केलं, कारण समोरच्याला ते वाक्य ऐकताच पुढचं काहीही खरं वाटेनासं होतं. इथवर प्राध्यापकांचं म्हणणं मला पूर्ण मान्य. पण यातून निष्कर्ष काय काढायचा? पैलवान तालमीत रोज शेकडो जोर-बैठका मारतो, एकेक डाव जोडीदारावर पुन्हा पुन्हा करून बघतो. यात्रेतल्या दंगलीत तो डाव त्याने टाकला तर फडावरचं कुणी म्हणतं का, की हा खोटा, हा आधी करून आलाय? कीर्तनकार आख्यान आधी घोळवून येतो म्हणून त्याची भक्ती लटकी ठरते का? तालीम हा शब्द आपण आखाड्यालाही वापरतो आणि नाटकालाही, आणि दोन्हीकडे त्याचा अर्थ आदराचा आहे. डाव अंगी मुरवणं आणि कुस्ती आधी ठरवून खेळणं यातला फरक खानदेशातल्या कुठल्याही गावातला म्हातारा सांगेल. छापील वही ही ठरवून खेळलेली कुस्ती आहे. तिला विरोध करावा, जरूर करावा. पण तिच्यापायी तालीमच बंद करावी?

दुसरा मुद्दा जास्त खोल आहे. मुलाखत हीच मुळात कच्ची कसोटी आहे, मग तिची तयारी करून तिला मान कशाला द्यायचा? या म्हणण्याला सरकारचाच पुरावा आहे. केंद्र सरकारने १ जानेवारी २०१६ पासून गट ‘ब’ अराजपत्रित आणि गट ‘क’च्या पदांसाठी मुलाखत बंद केली. वशिला आणि पैसा याच दारातून आत येतो, हे त्यामागचं उघड कारण होतं. आपल्या राज्यातली पोलीस शिपाई भरती मैदान आणि लेखी परीक्षेवर होते. आणि मनुष्यबळाच्या अभ्यासकांनीही वारंवार दाखवलंय की मोकळ्या गप्पांसारख्या मुलाखतीतून माणसाच्या कामाचा अंदाज कमी येतो. सगळ्यांना तेच प्रश्न, ठरलेल्या निकषांवर गुण, अशी आखीव मुलाखत त्याहून बरी ठरते. सारंगखेड्याच्या घोडेबाजारात दरसाल दत्तजयंतीला काय होतं ते बघा. घेणारा घोड्याची चाल बघतो, दात बघतो, स्वार बसवून पळवून बघतो. घोडा घ्यायला आपल्याला जी अक्कल सुचते ती माणूस घेताना का सुचू नये? फिटर हवा असेल तर त्याच्या हातात पाना द्या, इलेक्ट्रिशियन हवा असेल तर बिघडलेला स्टार्टर समोर ठेवा. माझ्या हातात निर्णय आला त्या शेवटच्या चार वर्षांत मी तेच केलं.

तरीही तयारी सोडा असं मी म्हणणार नाही, आणि यासाठी मला जुन्या सनदी परीक्षेचा इतिहास आठवतो. १८५५ पासून इंडियन सिव्हिल सर्व्हिसची स्पर्धा परीक्षा सुरू झाली ती फक्त लंडनमध्ये. समुद्र ओलांडण्याचा खर्च आणि धाडस ज्याच्या घरी नाही त्याच्यासाठी ती परीक्षा नव्हतीच. १८७०च्या दशकात वयाची अट एकविसावरून एकोणीसवर आणली, म्हणजे हिंदी, अर्थात भारतीय, मुलाने शाळा संपता संपताच इंग्लंड गाठायचं. शिवाय घोडेस्वारीची चाचणी. अरविंद घोष लेखी परीक्षा पास होऊनही त्या चाचणीपायी सेवेबाहेर राहिले. त्यांना ती नोकरी मनातून नको होती हा भाग वेगळा, पण चाचणी कशाची होती ते बघा. कारभार करायला लागणाऱ्या अकलेची, की विशिष्ट घरात वाढल्याची? आजच्या कित्येक मुलाखतींतलं सफाईदार इंग्रजी ही तीच घोडेस्वारी आहे. मग त्या वेळच्या आपल्या पुढाऱ्यांनी काय केलं? त्यांनी परीक्षा इथे घ्या म्हणून मागणी लावून धरली. सुरेंद्रनाथ बॅनर्जी १८७७ साली त्यासाठी शहरोशहरी फिरले. दादाभाई नौरोजी ब्रिटिश संसदेत असताना, १८९३ साली, कॉमन्स सभेने तसा ठरावही केला आणि तो बासनात गेला. भारतात परीक्षा सुरू व्हायला १९२२ उजाडलं. पण मधल्या सदुसष्ट वर्षांत कुणी मुलांना असं सांगितलं नाही की परीक्षा अन्यायाची आहे, तेव्हा अभ्यास करू नका. १८६३ साली सत्येंद्रनाथ टागोर पास झाले आणि त्यांच्यामागून बाकीचे जात राहिले. आत गेलेल्या प्रत्येकामुळे ‘हिंदी माणसाला हे जमणार नाही’ हा युक्तिवाद थोडा थोडा खचत गेला. नियम बदलायची लढाई आणि नियम आहे तोवरची तयारी, दोन्ही एकाच वेळी चालल्या. आज आपल्या मुलांना यातली एकच गोष्ट करायला का सांगायचं?

तिसरा मुद्दा बोलीचा, आणि तो मला सगळ्यांत जवळचा. सराव म्हणजे अहिराणी पुसणं, अशी भीती काहीजण बोलून दाखवतात. भीती खरी आहे. मी असे वर्ग पाहिलेत जिथे ‘आहे’ऐवजी ‘शे’ तोंडातून निसटलं की मुलाला उभं करून हसतात. नंदुरबारच्या डोंगरपट्ट्यातल्या भिली किंवा पावरी बोलणाऱ्या मुलाला तर प्रमाण मराठी हीच दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी. त्याने तीन पायऱ्या एका उडीत चढाव्यात अशी अपेक्षा. पण हा दोष सरावाचा आहे की सराव कुठल्या भाषेत सुरू केला याचा? देशातल्या सगळ्यांत मानाच्या नोकरीच्या परीक्षेत, संघ लोकसेवा आयोगाच्या नागरी सेवा परीक्षेत, २०२५ पैकी २७५ गुण मुलाखतीला आहेत, आणि मुख्य लेखी परीक्षा मराठीतून देणाऱ्याला मुलाखतही मराठीतून देता येते. जिल्हाधिकारी व्हायला मराठी चालते आणि चटईच्या कारखान्यात सुपरवायझर व्हायला चालत नाही, याला काय म्हणायचं? कारखानदारांना हा प्रश्न आपण जाहीरपणे विचारला पाहिजे. मशीनवर काम करणाऱ्या माणसाची परीक्षा, मशीनवर जी भाषा बोलली जाते तिच्यात घ्या.

पैशाचा मुद्दा थोडक्यात संपवतो, कारण त्यावर दुमत नसावं. क्लासची फी भरायला मुलं घरून पैसे नेतात. स्पर्धा परीक्षेची मुलं सराव मुलाखतीसाठी पुण्याला खोली घेऊन राहतात. हे थांबायला हवं. १९३६ साली काँग्रेसचं अधिवेशन आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या फैजपूरला भरलं, खेड्यात भरलेलं ते पहिलं अधिवेशन. एवढं मोठं काम खेड्यात उभं राहील का, ही शंका तेव्हाही असणारच. चित्रकार नंदलाल बोसांनी बांबूचं नगर उभं करून दाखवलं. सराव मुलाखतीला तर बांबूही लागत नाहीत. एक टेबल, चार खुर्च्या आणि गावाबाहेरचा एक माणूस लागतो. तालुक्याच्या प्रत्येक वाचनालयात, आयटीआयत, महाविद्यालयात निवृत्त शिक्षक, रेल्वेतले, वीज मंडळातले, बँकेतले लोक आहेत. भुसावळात तर गल्लीगल्लीत सापडतील.

आमच्या गावच्या वाचनालयात तीन वर्षांपासून रविवारी सकाळी हे चालतं, म्हणून कसं चालतं ते सांगतो. पहिला नियम, विचारणारा माणूस ओळखीचा नसावा. ओळखीच्या नानांसमोर मुलगा एकतर लाजतो नाहीतर हसतो. शेजारच्या गावचे लोक आमच्याकडे येतात, आमचे त्यांच्याकडे जातात. दुसरा नियम, पहिली फेरी अहिराणीत किंवा घरात जी बोली असेल तिच्यात. विषय एकच: तू स्वतःच्या हाताने केलेलं एक काम सांग. केळीची बाग पिलं ठेवण्यापासून कापणीपर्यंत सांभाळलेली असो, बचत गटाची वही लिहिलेली असो, सुरतेला उधन्यात मामाकडे राहून कापडाच्या कारखान्यात दोन सुट्ट्या काढलेल्या असोत. काय केलं, काय बिघडलं, मग काय केलं. तीच गोष्ट दुसऱ्या फेरीत प्रमाण मराठीत, दोन मिनिटांत. तिसऱ्या फेरीत त्या कामाला लागणारे इंग्रजी शब्द, तेवढेच. भाषा बदलते, गोष्ट तीच राहते; त्यामुळे पाठ करायला काही उरत नाही. तिसरा नियम माझ्या हट्टाने आला: ‘माहीत नाही’ असं सरळ म्हणण्याचाही सराव. आमची मुलं उत्तर येत नसलं की गप्प होतात, आणि गप्प बसणं समोरच्याला उद्धटपणा वाटतो. ‘‘हे मला माहीत नाही, पण अमुक ठिकाणी बघून सांगेन,’’ एवढं वाक्य मान वर करून म्हणायला काहींना चार-चार रविवार लागले.

यात एक मुलगी होती, पहिल्या दिवशी तिचा आवाज टेबलाच्या अर्ध्यावरही पोहोचत नव्हता. वडिलांच्या आजारपणात दूध डेअरीचा हिशोब तिने सात महिने सांभाळला होता आणि फॅट कमी लावतात म्हणून केंद्रचालकाशी भांडून नमुना पुन्हा तपासायला लावला होता. ही गोष्ट तिने पाचव्या रविवारी सांगितली. तोवर तिला हे सांगण्यासारखं काही आहे असंच वाटत नव्हतं. यात सोंग कुठे आहे? तिच्याजवळ नसलेली एकही गोष्ट आम्ही तिला दिली नाही.

शेवटचा आक्षेप एका तरुण शिक्षकाने घेतला. सगळ्यांनीच सराव केला तर कुणालाच फायदा नाही; जागा तेवढ्याच, चढाओढ फक्त महाग होईल. पाठांतराच्या बाबतीत हे शंभर टक्के खरं. सगळ्यांनी तीच वही पाठ केली तर वहीची किंमत शून्य होते. पण प्रत्येकजण स्वतःचं काम नीट सांगू लागला तर निवडणाऱ्याला प्रथमच खरा माल दिसतो. जागा तेवढ्याच राहतील, पण त्या जागेवर कोण जाईल ते बदलेल. पारोळ्याचा तो मुलगा गेला असता आणि आमच्याकडच्या काही मोटरी जळायच्या वाचल्या असत्या.

त्या प्राध्यापकांची भाषणं मी आदराने ऐकत आलो आहे, म्हणून त्यांना एक विनंती करतो. त्यांनी एका रविवारी आमच्याकडे यावं. आमच्या गावात ते कुणाच्या ओळखीचे नाहीत, तेव्हा विचारणाऱ्याच्या खुर्चीला ते अगदी योग्य आहेत. सकाळी आठला सुरुवात होते. या आठवड्यात साक्रीकडची दोन नवी मुलं येणार आहेत, दोघंही अजून एका वाक्याच्या पुढे गेलेली नाहीत.